सुभेदाराचं बसकर

सकाळचे सात वाजून पन्नास मिनिटं झाली होती आणि सिस्टर एका बोक्याच्या पुढच्या पायावरचे केस मशीननं काढत होती. बोका फुगून दुप्पट झाला होता. त्याची मालकीण बोक्याहून जास्त घाबरलेली, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"झालं का हो?"

"अजून सुरूच नाही केलं."

"मला रक्त बघवत नाही."

"रक्त नाहीये. केस आहेत." सिस्टरनं कोपरानं बोक्याचं बूड टेबलाला टेकवलं, अंगठ्यानं शीर दाबली. सुई आत गेलेली बोक्यालाही जरा उशिराच कळली. "आता झालं. वळा इकडे."

प्राण्यांच्या या दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणतात. घरी सासूसुद्धा चिडली की म्हणते. जनावर धरणं, शीर शोधणं, सलाईन लावणं, ऑपरेशन चालू असताना श्वासावर नजर ठेवणं आणि शेवटच्या सुईच्या वेळी त्याचं डोकं आपल्या हातात घेणं ही तिची कामं. हात हलका आहे, चेहरा कोरा आहे. नव्या माणसाला वाटतं, बाई तुसडी दिसतेय. जुन्या माणसांना माहीत आहे की तसं काही नाही. तिच्या चेहऱ्यावर काही येत नाही, इतकंच.

बोका पिशवीत गेला आणि घड्याळजी आत आले. त्यांच्यामागून ठकी आली.

घड्याळजींनी दुकान बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून सगळे त्यांना त्याच नावानं ओळखतात. बायको गेलेली, लेक दुसऱ्या गावात. घरात ते आणि दोन कुत्री. सुभेदार हा चहाच्या रंगाचा, लांब केसांचा, सोफ्यावर बसला की दुसऱ्याला जागा न उरणारा कुत्रा. आणि ठकी ही काळी-पांढरी, बारीक चणीची. ठकीला पिल्लू म्हणून आणलं त्या पहिल्या रात्रीपासून ती सुभेदाराच्या पोटाला पाठ लावून झोपत आली होती. तीन आठवड्यांपूर्वी सुभेदार याच टेबलावर गेला. प्लीहेत गाठ होती, फुटली होती, करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून ठकीचं खाणं कमी होत गेलं आणि गेले चार दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. तिची मूत्रपिंडं आधीच थकलेली. दिवसाआड कातडीखाली सलाईन चढवून तिला कसंबसं सावरून धरलं होतं.

"आणलंय," सिस्टर म्हणाली आणि तिनं काउंटरखालच्या पिशवीतून बसकर काढलं.

घड्याळजींनी ते दोन्ही हातांत घेतलं. सुभेदाराच्याच रंगाचं, दोन हात लांब, तेवढंच रुंद, दुहेरी विणलेलं. वर्षानुवर्षं ते सुभेदाराला विंचरायचे आणि निघालेले केस उशीच्या अभ्र्यात कोंबून कपाटावर ठेवायचे. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तो भरलेला अभ्रा त्यांनी सिस्टरकडे दिला होता. सिस्टरनं त्याचं सूत काढलं आणि त्या सुताचं हे विणलं. त्यांनी कड डोळ्यांजवळ नेऊन तपासली. डोळ्याला भिंग लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

"एक टाका इकडचा तिकडे नाही. ताई, तुम्ही आमच्या धंद्यात असतात तर मी उपाशी मेलो असतो."

त्यांनी बसकर फरशीवर अंथरलं. "ठके, बघ कोण आलंय."

ठकीनं नाक खाली नेलं. मग ती बसकरावरून चालत पलीकडे गेली, कोऱ्या फरशीवरून जावं तशी, आणि वजनकाट्याशेजारी उघड्या फरशीवर बसली. तोंड दाराकडे.

"अगं, इकडे बघ. ठके!"

ठकीनं बघितलं नाही. घड्याळजींनी बसकर उचलून स्वतःच्या नाकाशी धरलं. "साबणाचा वास येतोय," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "चांगला आहे वास. तुमच्या कामात काही कमी नाही हो, ताई. तिचंच मन उडालंय."

सिस्टरच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या हातात सलाईनची नळी होती. घड्याळजींनी अभ्रा देताना, याच काउंटरपाशी, सरळ सांगितलं होतं: ठकीला त्याच्यावर झोपवायचंय, त्याचा वास असेल तर कदाचित ती सावरेल. सिस्टरनं मान हलवली होती. शब्द कानात गेले होते. मग घरी जाऊन तिनं सगळे केस नेहमीसारखे तीन पाण्यांतून काढले, शेवटच्या पाण्यात व्हिनेगर टाकलं आणि वाऱ्यावर वाळवले. कुत्रीला ज्यात कुत्रा सापडायचा, त्यातून तिनं कुत्रा काढून टाकला होता.

अशा वेळी पोटात खड्डा पडतो म्हणतात. तसं काही झालं नाही. नळीत हवेचा एक बुडबुडा होता, तो तिनं टिचकी मारून वर घालवला.

डॉक्टरीणबाई आल्या, ठकीच्या हिरड्या दाबून पाहिल्या, पाठीवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती हळूहळू जागेवर गेली.

"कालपासून काही?"

"पाणी. तेही मी बोट बुडवून चाटवलं तर."

"उलटी?"

"व्हायला पोटात काही हवं ना."

"हे बघा, मूत्रपिंडं अर्धी गेलीत, पण अर्ध्यावरही कुत्री दिवस काढतात. खाल्लं तर. नुसत्या सलाईनवर मी तिला किती ओढणार? नाकातून नळी घालून भरवता येईल."

"नळी नको," घड्याळजी म्हणाले. "ही आयुष्यभर माझ्या ताटाकडे बघून लाळ गाळत आली. तिला नळीनं भरवायचं? नको." ते थोडा वेळ ठकीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "उद्या करून टाका, मॅडम. घड्याळ दुरुस्त होणार नसेल तर गिऱ्हाइकाला उगाच चकरा मारायला लावू नये, हे मी जन्मभर पाळलंय."

"नक्की?"

"नक्की कशाला म्हणायचं? पण उद्या."

"सिस्टर, उद्या काय मोकळं आहे?"

"नऊ चाळीस."

काउंटरमागे पांढरा फळा आहे. त्यावर दुसऱ्या दिवशीच्या वेळा लिहिल्या जातात: वेळ, जनावराचं नाव आणि काम. लस, टाके काढणे, दात. फक्त एका गोष्टीचं काम लिहीत नाहीत, बाकड्यावर बसलेल्या माणसांनी ते वाचू नये म्हणून. पण ज्या नावापुढे काम नसतं ते काम कोणतं, हे इथं नेहमी येणाऱ्यांना बरोबर कळतं. सिस्टरनं टोपण काढलं आणि लिहिलं: नऊ चाळीस, ठकी. पुढे मोकळी जागा सोडली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

घड्याळजी निघाले. बसकर त्यांनी घडी करून काखेत धरलं होतं. "राहू द्या ना इथंच," सिस्टर म्हणाली. "मला किनार जरा बघायचीय."

"किनार चांगली आहे की."

"तरी."

त्यांनी बसकर तिच्या हातात दिलं.

सिस्टरची आई ब्लँकेटच्या कारखान्यात लोकर निवडायच्या खोलीत कामाला होती. खिडक्या उंचावर, उजेड कमी; आई डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायची, ही मानेवरची, ही मांडीवरची, ही आजारी मेंढीची. सुट्टीच्या दिवशी ती थोडी लोकर घरी आणायची आणि लेकीला हातानं पेळू करायला, सूत काढायला बसवायची. त्यातून मुलीला वाटायला लागलं की आपण असलंच काहीतरी शिकावं, रंग, विणकाम, नक्षी. चित्रकलेच्या शाळेत तिनं अर्ज केला. तिथं नाव लागलं नाही. पशुवैद्यकाच्या परिचारिका घडवणाऱ्या वर्गात लागलं. आई म्हणाली, मेंढी काय नि मेंढीची लोकर काय, घरचंच आहे.

पहिली काही वर्षं ती प्रत्येक जनावरासाठी रडायची. औषधांच्या खोलीत खोक्यांमागे उभी राहून, ॲप्रन तोंडात धरून. तेव्हाचे मोठे डॉक्टर एकदा दार उघडून म्हणाले होते, "रड, पण दार लावून. बाहेर लोकांना वाटतं, इथं काहीतरी चुकलं." मग रडणं थांबलं. नक्की कधी, ते तिला सांगता येत नाही. दुखरा दात दुखायचा थांबतो आणि बऱ्याच वेळानं लक्षात येतं, तसं ते झालं. एका संध्याकाळी हात धुताना तिला जाणवलं की आज दोन जनावरं गेली आणि आपण मधल्या वेळात डबा खाल्ला. भूक चांगली लागली होती.

त्या काळात तिनं एक पद्धत लावून घेतली, ती अजून चालू आहे. शेवटच्या सुईआधी ती जनावराला विंचरते. मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश. जनावर सैलावतं. थोडं विंचरून झालं की ती कंगवा मालकाच्या हातात देते, कारण त्या वेळी माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळत नसतं. मोठमोठे रांगडे गडीसुद्धा मान खाली घालून विंचरत बसतात आणि तेवढ्यात सुई होऊन जाते.

एकदा एका बस ड्रायव्हर बाईनं कंगव्यातला केसांचा गुंता सोडवला, मुठीत धरला आणि विचारलं, "हे मी नेऊ?" सिस्टर म्हणाली, "द्या, याचं काहीतरी करून देते." आईनं शिकवलेलं बोटांत होतंच. तिनं त्या केसांत थोडी मेंढीची लोकर मिसळून सूत काढलं आणि गळ्याभोवती गुंडाळायची बारीक पट्टी विणून दिली. बाईनं ती ड्युटीवर घातली. बसमधल्या माणसांनी विचारलं. असं करत करत काम वाढलं. सिस्टरचा नवरा वायरमन आहे; त्यानं जुन्या शिलाई मशीनची मोटर काढून चरख्याला बसवून दिली आणि म्हणाला, "आता शॉक लागला तर मला सांगू नकोस, आधी स्विच बंद कर." मागची खोली केसांनी भरली. सासू त्या खोलीला केसांचा कारखाना म्हणते.

दवाखान्यात मात्र ती धंद्याचा शब्द काढत नाही. डॉक्टरीणबाईंनी घातलेली ती एकच अट आहे: त्या टेबलापाशी सुताचं नाव निघता कामा नये. कोणी आपणहून विचारलं तर बाहेर, काउंटरपाशी. काउंटरवरच्या बाईंना तेही खटकतं. "तुमचं बरं आहे," त्या म्हणतात, "इकडून गेलं की तिकडून ऑर्डर." ते बोलणं टोचरं आहे, पण खोटं नाही.

आणि ऑर्डर देणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: वास येणार नाही ना? माणसाला आठवण हवी असते, पण धुतलेली. धुणं ही सिस्टरची खासियत झाली. ओल्या कुत्र्याचा मागमूस उरत नाही. इतक्या वर्षांत ज्याला वास हवा होता असं गिऱ्हाईक एकच आलं आणि ते चार पायांचं होतं.

दवाखाना दुपारी एकला बंद होतो, चारला उघडतो. सिस्टर घरी आली, चपला काढल्या आणि जेवण न वाढता थेट मागच्या खोलीत गेली.

न धुतलेलं काय उरलंय, याचा हिशेब ती वाटेत करत आली होती. कंगवा? दवाखान्यातले कंगवे रोज औषधाच्या पाण्यात बुडतात. अभ्रा? तो तिनं स्वतःच धुऊन, इस्त्री करून परत दिला होता. घड्याळजींच्या घरी? तिथं काही नव्हतं. सुभेदार गेला त्या आठवड्यात त्यांची लेक आली होती. बापाला बघून त्रास नको म्हणून तिनं सुभेदाराची गादी, गळपट्टा, भांडं, सगळं काढून टाकलं होतं आणि सोफ्याची खोळ धुऊन, घर फिनेलनं पुसून घेतलं होतं. मायेनंच.

"काय शोधतेस?" सासू दारात उभी होती. "नवरा या खोलीत नाहीये."

"सुभेदाराचे केस."

"ते तर विणून झाले ना?"

"न धुतलेले हवेत, अहो आई."

"घरभर उडत होते तेव्हा कोणाला नको होते. परवा माझ्या चहात एक निघाला. रंगही चहाचाच, म्हणून पिऊन टाकला."

सिस्टर चरख्याखाली वाकली, टोपल्या हलवल्या. मग थांबली. केस निवडताना वरचे राठ केस, गुठळ्या, शेपटीखालचा तेलकट भाग वेगळा काढावा लागतो, त्याचं सूत होत नाही. त्याला घरात गाळ म्हणतात. गाळ धूत नाहीत, तो सासू घेऊन जाते. तिच्या गॅलरीत कुंड्या आहेत आणि बिल्डिंगमधली मांजरं त्या कुंड्यांत घाण करत होती, म्हणून सासूनं एकदा कुत्र्याच्या केसांचा गाळ मातीवर पसरून बघितला. मांजरं यायची बंद झाली. केसांच्या कारखान्यातून आपल्याला काही मिळालं असेल तर हेच, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

"त्याचा गाळ कुठल्या कुंडीत घातलात?"

"कुठल्याच नाही."

"टाकला?"

"टाकीन कशी? राखून ठेवलाय. त्या तांबड्याचा गाळ म्हणजे काय वास! बाकीच्या कुत्र्यांच्या वासानं साधी मांजरं पळतात. पण खालच्या मजल्यावरचा तो बोका कोणाला मोजत नाही. त्याच्यासाठी ठेवलाय."

गॅलरीत बादलीमागून तिनं गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. गाठ सिस्टरनं दातांनी सोडवली. ओलं पोतं, कानातला मळ, जुनं तेल आणि खाली कुठंतरी ऊन खाल्लेल्या अंगाची ऊब. सिस्टरनं नाक आत घातलं. तिला सुभेदाराचं वजन आठवलं, डाव्या कानाला पडलेली चीर आठवली, शेवटी घड्याळजींनी कंगवा उलटा धरला होता तेही आठवलं. त्यापुढे काही आलं नाही. ती थोडा वेळ तशीच थांबली, येईल म्हणून.

"सगळा नेऊ?"

"आणि बोक्याचं काय करू? ओवाळू त्याला?"

"दुसरा देते ना."

"असला दुसरा मिळतो का? ने. मूठभर ठेव माझ्यासाठी."

मूठभर ठेवला. सिस्टर जमिनीवर बसली, बसकराची एक कड उसवली. दुहेरी विणीच्या मधल्या पोकळीत तिनं गाळ बोटांनी सारखा पसरत नेला, कोपऱ्यांपर्यंत. मशीनवर शिवलं असतं तर लवकर झालं असतं, पण सासूनं सुईत दोरा ओवूनच हातात दिला. चष्मा न लावता एका झटक्यात ओवते, आणि ओवल्यावर समोरच्यानं ते पाहिलं का हे बघते.

"यानं खाईल ती कुत्री?"

"माहीत नाही."

"नाही खाल्लं तर उद्या?"

"नऊ चाळीस."

सासूनं रीळ डब्यात ठेवलं. मग म्हणाली, "तुला वाईट वाटतंय का गं?"

सिस्टरनं टाका ओढला. "वाटायला हवं."

"हवं नको कोणी विचारलं? वाटतंय का?"

"नाही."

"मग न जेवता शिवत काय बसलीस?"

सिस्टरनं शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि जिभेवर आलेला सुभेदाराचा केस बोटानं काढून टाकला.

घड्याळजींचं घर दवाखान्यामागच्या दुसऱ्या गल्लीत, तळमजल्यावर. आत गेल्यावर सिस्टरला पहिल्यांदा फिनेल जाणवलं. दुसरं म्हणजे भिंतीवर एकही घड्याळ नव्हतं. "आयुष्यभर ऐकलं," घड्याळजी म्हणाले, "आता कान मोकळे ठेवलेत. वेळ विचारायची तर ठकीला विचारायचो. सातला बरोबर भांड्याशी." त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा ना, ताई."

ठकी खिडकीखाली पडली होती. भांड्यात वरून सुकलेलं खाणं होतं. सिस्टर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "मी ते धुतलं. तुम्ही सांगितलं होतंत आणि तरी धुतलं. सवयीनं. मूर्खपणा केला."

घड्याळजींनी ते ऐकून घेतलं. रागावले नाहीत, नाही नाही असंही म्हणाले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"एक बाई यायच्या माझ्याकडे," ते म्हणाले. "वडिलांचं हातातलं घड्याळ घेऊन. पट्टा तेवढा बदलायचा होता. काचेवर हा एवढा ओरखडा. मी म्हटलं, जुनं गिऱ्हाईक आहे, काच फुकट बदलून द्यावी. दिली. लख्ख. त्यांनी घड्याळ बघितलं, पैसे ठेवले, गेल्या. परत कधी आल्या नाहीत. मला पुढे कितीतरी वर्षांनी, दाढी करता करता कळलं."

"त्यांना सांगितलंत?"

"कुठं शोधू? तुम्ही निदान त्याच दिवशी आलात."

सिस्टरनं पिशवीतून बसकर काढलं आणि खिडकीपासून जरा दूर, भिंतीला लागून ठेवलं. ठकीच्या अंगावर ढकललं नाही. मग दोघंही दुसरीकडे बघत राहिली. जनावराला काही करायला लावायचं असेल तर त्याच्याकडे बघू नये, हे सिस्टरला माहीत होतं. घड्याळजींनी का बघितलं नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक.

बराच वेळ काही झालं नाही. गल्लीतून कोणीतरी सायकल ढकलत नेली. मग नखांचा आवाज आला. ठकी उठली होती. पाय लटपटत होते. ती बसकरापाशी आली, नाक कडेवरून फिरवत फिरवत एका कोपऱ्याला नेलं आणि तिथं दाबलं. इतकं दाबलं की मान वाकडी झाली. मग तिनं पुढच्या दोन्ही पायांनी बसकर खरवडायला सुरुवात केली.

"फाडेल," घड्याळजी कुजबुजले.

"फाडू दे."

तिनं फाडलं नाही. एकदा गोल फिरली, दुसऱ्यांदा फिरताना तोल गेला, आणि तशीच, भिंतीला पाठ लावून, बसकरावर आडवी झाली. नाक शिवणीत. एक लांब श्वास सोडला, इतका लांब की सिस्टर सवयीनं पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली. तो आला.

घड्याळजींनी भांडं उचललं, सुकलेलं काढून टाकलं, नवीन कालवलं आणि ठकीच्या नाकापासून वीतभर अंतरावर ठेवलं. ठकीनं डोळे उघडले नाहीत.

"खात नाहीये," ते म्हणाले.

"झोपलीय."

"परवापासून झोपलीही नव्हती." ते जमिनीवर बसले, भिंतीला टेकून, ठकीपासून थोड्या अंतरावर. "फळ्यावर राहू दे, ताई. आशा लावून मला परत खाली यायचं नाही."

"राहू दे," सिस्टर म्हणाली. चारला दवाखाना उघडायचा होता. तिनं स्वतःच दार ओढून घेतलं.

संध्याकाळी एका कुत्र्याचे टाके काढले, एका सशाची नखं कापली, आणि एक म्हातारी मांजर गेली. सिस्टरनं तिला विंचरलं, कंगवा मालकाच्या हातात दिला, डोकं धरलं. मालक शाळेतला शिपाई होता. तो विंचरताना मांजरीला शाळेतल्या गमती सांगत होता. झाल्यावर सिस्टरनं टेबल पुसलं आणि कंगवा औषधाच्या पाण्यात टाकायला हात पुढे केला. मग हात मागे घेतला. कंगवा कागदात गुंडाळून वर नाव लिहिलं आणि बाजूला ठेवला. मालकानं काही मागितलं नव्हतं. मागेल असंही नाही.

"हे काय नवीन?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"असू दे."

सातनंतर दवाखान्याचा फोन वाजला. काउंटरवरच्या बाईंनी ऐकलं आणि रिसीव्हर लांबूनच पुढे केला. "तुमचे घड्याळवाले. रडतायत की हसतायत, मला कळेना."

"ताई," घड्याळजी म्हणाले. "सातला उठली. कोणी सांगितलं नाही, काही नाही. सातला. मी फोनमध्ये बघितलं, घरात घड्याळ नाही हो!"

"खाल्लं?"

"अर्धं. भांडं ओढत ओढत बसकरावर नेलं आणि तिथं खाल्लं. सगळं बसकर खराब केलंन."

"उलटी?"

"नाही. मी मुद्दाम थांबलो होतो फोन करायचा."

"ते बसकर धुऊ नका."

पलीकडे घड्याळजी हसले, बहुतेक हसलेच. "नाही धूत, बाई. पण आता उद्याचं..."

"मॅडमना विचारते."

डॉक्टरीणबाई हात पुसत आल्या, सगळं ऐकलं. "अर्ध्या भांड्यानं मूत्रपिंडं नवी होत नाहीत," त्या म्हणाल्या. "काही महिने म्हणायचं. चांगले गेले तर." मग मानेनंच फळ्याकडे खूण केली. "दिवसाआडचं सलाईन चुकवायचं नाही, सांगा त्यांना. परवा सकाळी आठला घेऊन या म्हणावं."

सिस्टरनं सांगितलं. मग फळ्यापाशी गेली आणि ॲप्रनच्या टोकानं नाव पुसलं. शाई सकाळची होती, वाळली होती. दोनदा घासावं लागलं. तिला बरं वाटत होतं का, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. वाटत असावं. भूक मात्र लागली होती, दुपारचंही जेवण राहिलं होतं.

"नऊ चाळीस मोकळं झालं का?" काउंटरवरच्या बाई. "मग तो पोपटवाला दुपारपासून डोकं खातोय, त्याला देऊ?"

"द्या."

बाईंना अक्षर चांगलं काढता येत नाही, म्हणून तेही सिस्टरनंच लिहिलं, कामासकट. उद्या नऊ चाळीसला पोपट. चोच घासणे.